व्हिएतनामला निघालात? आधी कालनिर्णय उघडा

मुंबईहून थेट विमानं सुरू झाल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत व्हिएतनामचीच गर्दी आहे. व्हिसा आणि हॉटेलचं काम एजंट करतो, म्हणून खाणं, बाजार आणि तिकडची संस्कृती यांपुरतेच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत हनोई, होई आन आणि हो ची मिन्ह सिटी असा दहा दिवसांचा बेत आहे. एजंट म्हणतो, तिथे बारा महिने सीझन असतो. खरं आहे का? (वाचक, विलेपार्ले)

उत्तर : नाही. देश उत्तर-दक्षिण लांबलचक असल्यामुळे तिन्ही भागांचं हवामान वेगळं आहे. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा मध्य व्हिएतनामात तो जोर धरतो. ईशान्येकडून येणारे वारे समुद्रावरची वाफ घेऊन किनाऱ्यामागच्या डोंगररांगेला अडतात आणि सप्टेंबर ते डिसेंबर, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तिथे धो धो कोसळतो. होई आनचं जुनं गाव थू बोन नदीच्या काठावर आहे, त्यामुळे या दिवसांत गल्ल्यांत पाणी शिरून होड्या चालतात. फोटो छान येतात, पण दुकानं बंद असतात.

दिवाळीत हनोई आणि आसपासचा उत्तर भाग घ्या, तिथली हवा तेव्हा सर्वांत चांगली असते. उरलेले दिवस दक्षिणेला द्या, तिथला पाऊस ओसरत आलेला असतो. होई आन फेब्रुवारी ते मे यासाठी राखून ठेवा. मात्र फेब्रुवारी ठरवताना तेत, म्हणजे तिकडचं नववर्ष, टाळा. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्याच्या आगेमागे बाजार, खानावळी आणि शिंपी जवळजवळ आठवडाभर बंद असतात आणि सगळा देश गावी निघालेला असतो.

आता शीर्षकातल्या कालनिर्णयाबद्दल. तिकडे रोजचे व्यवहार इंग्रजी तारखेने चालतात, पण सण, उपवास आणि देवळं चांद्र महिन्याने. त्यांचा महिना अमावास्येच्या क्षणी सुरू होतो, म्हणून त्यांचा पहिला दिवस आपल्या अमावास्येला किंवा दुसऱ्या दिवशी येतो आणि पंधरावा पौर्णिमेच्या आसपास. २०२६ मध्ये आपलं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, तर त्यांचा पहिला दिवस ९ नोव्हेंबरला. या पहिल्या आणि पंधराव्या दिवसाचा खाण्याशी काय संबंध, ते पुढच्या उत्तरात येतं. होई आनमध्ये चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मंद करून कंदील लावतात. ती रात्र हवी असेल तर पौर्णिमेच्या आदला दिवस धरा आणि एका दिवसाचा फरक गृहीत धरून दोन रात्री राहा.

प्रश्न : आम्ही पक्के शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत आणि सोबत शेजारचं जैन कुटुंब आहे. ठेपले किती न्यायचे? (वाचक, मुलुंड)

उत्तर : सासूबाईंची सोय तुमच्या अंदाजापेक्षा सोपी आहे, शेजाऱ्यांची अवघड.

व्हिएतनामात बौद्ध परंपरेतला शाकाहार जुना आहे, त्याला 'चाय' म्हणतात. रोमन लिपीतली सी, एच, ए, वाय ही चार अक्षरं पाटीवर दिसली की ती शाकाहारी खानावळ. परंपरेने चालणाऱ्या अशा खानावळीत कांदा-लसूणही घालत नाहीत, कारण भिक्खूंना हे उग्र पदार्थ वर्ज्य आहेत. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी एरवी सगळं खाणारी पुष्कळ माणसं चाय खातात. त्या दिवशी निवड जास्त असते आणि गर्दीही, त्यामुळे दुपारी साडेअकराच्या आत बसा. ताटात कोंबडी किंवा सॉसेजसारखं काही दिसलं तर दचकू नका. सोयाबीन, टोफू आणि गव्हाच्या चिवट सत्त्वापासून हुबेहूब 'मटण' करण्यात ते पटाईत आहेत.

जैन मंडळींची अडचण अशी की चाय स्वयंपाकाचा पायाच मुळा, गाजर, अरवी आणि मशरूम आहे. फो म्हणजे तांदळाच्या शेवयांचं सूप. चाय फोचं पाणी मुळा, गाजर आणि मक्याचं कणीस उकळूनच काढतात. त्यांच्यासाठी वाफेचा भात, तळलेला टोफू, पालेभाजी, शेंगदाणा-तिळाचं मीठ आणि फळं हा खात्रीचा मार्ग. ठेपले त्यांच्या हिशेबाने न्या, तुमच्या नव्हे. दोन्ही मोठ्या शहरांत भारतीय हॉटेलं आहेत, तिथे आधी फोन केला तर जैन जेवणाबद्दल विचारता येतं.

फसगत होते ती साध्या हॉटेलात 'भाजी' मागवल्यावर. राऊ मुओंग ही आपली नाळीची भाजी. लसणीवर परतलेली, हिरवीगार, बघून कुणालाही शाकाहारी वाटेल. पण तिच्यात तीन गोष्टी असू शकतात. एक, नुओक माम म्हणजे माशाचं खारवलेलं पाणी. दुसरी, हात नेम नावाचे चवीचे दाणे, जे बहुधा डुकराच्या हाडांच्या अर्कापासून बनतात. तिसरी, तेलाऐवजी चरबी. 'नो मीट' म्हटल्याने यातलं काहीच टळत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने यातलं काहीच मटण नव्हे. सांगायचं ते असं : 'तोय आन चाय', म्हणजे मी शाकाहारी आहे, आणि पुढे 'खोंग नुओक माम, खोंग हात नेम'. भाषा सुरांची असल्यामुळे आपला उच्चार समजेलच असं नाही. निघण्यापूर्वी भाषांतराच्या ॲपवर ही वाक्यं त्यांच्या लिपीत काढून फोनमध्ये चित्र म्हणून ठेवा आणि ऑर्डर देताना दाखवा.

बान्ह मी, म्हणजे कुरकुरीत पावाचं सँडविच, गाडीवर घेताना पावाला आतून आधीच लिव्हरचं मऊ वाटण (पॅटे) लावतात. अंड्याचं मागितलंत तरी लावतात, म्हणून पाव चिरण्यापूर्वी थांबवा. बुन दाऊ हा तळलेल्या टोफूचा पदार्थ बिनधास्त मागवू नका, त्याबरोबर कोळंबी आंबवून केलेली जांभळट चटणी येतेच. बान्ह सेओ म्हणजे हळद घातलेलं तांदळाचं कुरकुरीत घावन. नेहमीच्यात कोळंबी आणि डुक्कर असतं, पण चाय खानावळीत मशरूम आणि मोड आलेले मूग घालून करतात, ते जरूर खा. काट्याने खाऊ नका. तुकडा तोडून मोहरीच्या पानात ठेवायचा, वर पुदिना आणि तुळशीच्या जातीची पानं, गुंडाळी करून वाटीत बुडवायची. वाटीत सोया सॉस आहे ना, तेवढं विचारून घ्या.

प्रश्न : आम्ही अट्टल मासेखाऊ. फक्त बीफ आणि डुक्कर नको. काय चुकवू नये? आणि ते प्रसिद्ध फिश सॉस आणता येतं का? (वाचक, माहीम)

उत्तर : हनोईत पहिलं जेवण 'चा का' या पदार्थाचं. गोड्या पाण्यातल्या माशाचे हळद लावलेले तुकडे तव्यात येतात आणि टेबलावरच्या शेगडीवर तुम्हालाच संपवायचे असतात. त्यावर मूठभर शेपू आणि कांद्याची पात टाकून अर्धा मिनिट परतायचं, जास्त नाही, नाहीतर शेपू काळा पडतो. वाटीत आधी तांदळाच्या शेवया, वर मासा, शेपू, भाजलेले शेंगदाणे. शेपूला नाक मुरडणाऱ्यांचंही मत इथे बदलू शकतं. सोबतच्या माम तोममध्ये, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीच्या चटणीत, लिंबू पिळून, साखर घालून फेस येईपर्यंत घोटतात. वास सुकटीच्या पलीकडचा आहे. नको असेल तर नुओक माम मागा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

फो मुळात गाईच्या हाडांच्या पाण्याचा. तुम्हाला फो गा, म्हणजे कोंबडीचा, हवा. पण दोन्ही विकणाऱ्या दुकानात डाव तोच फिरतो, म्हणून फक्त फो गाची पाटी असलेलं दुकान शोधा. हनोईत हा सकाळचा नाश्ता आहे आणि चांगल्या दुकानांची खरी वेळ सहा ते नऊ. पहिला चमचा नुसत्या पाण्याचा घ्या, मगच लिंबू आणि मिरची. आधीच सॉस ओतलं तर रात्रभर उकळलेलं पाणी वाया गेलं म्हणायचं. दक्षिणेत ताटभर पाला आणि कच्चे मोड सोबत येतात, उत्तरेत नाही. उत्तरेत ते मागून घेणं हा थोडा अपमानच समजा.

समुद्राकाठी जिवंत मासा किंवा खेकडा निवडताना किलोचा भाव आधी, वजन तुमच्यासमोर, आणि शिजवण्याचे पैसे त्यात धरले आहेत का, या तीन गोष्टी ठरवा. तक्रारी बहुतेक तिसऱ्या मुद्द्यावर होतात.

फिश सॉस मांदेलीच्याच कुळातल्या लहान माशांचं. साधारण तीन भाग मासा, एक भाग मीठ, लाकडी पिंपात वर्षभर. लेबलवर घटक दोनच असावेत : मासा आणि मीठ. साखर, रंग, चवीचे पदार्थ असतील तर ते पातळ केलेलं. बाटलीवर नायट्रोजनचे अंश छापलेले असतात, अंश जास्त तितका माशाचा अर्क दाट. ३० च्या खाली घेऊ नका, ४० उत्तम आणि तसंच महाग. हातातल्या बॅगेत १०० मिलिलीटरच्या वर द्रव चालत नाही, आणि सामानातल्या बॅगेतही फुटल्यावर वास जाणार नाही म्हणून काही विमान कंपन्या हरकत घेतात. कंपनीला आधी विचारा. प्लास्टिकची बाटली, झाकणाला चिकटपट्टी, वर दोन पिशव्या.

प्रश्न : बाजारात भाव किती पाडावा? त्यांचे आकडे लाखांत बघून गोंधळ उडतो. (वाचक, दादर)

उत्तर : आकड्यांचा हिशेब असा : दोन शून्यं झाका आणि उरलेल्याला तीनने भागा, साधारण रुपये येतात. ३०,००० डोंग म्हणजे १०० रुपये. खरा धोका नोटांच्या रंगाचा आहे. २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही निळ्या, आणि संध्याकाळच्या दिव्यात घाईने एकीच्या जागी दुसरी जाते. पाच लाखाच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

भाव सगळीकडे पाडायचा नसतो. खाण्याच्या गाडीवर, भाव लिहिलेल्या दुकानात, सुपरमार्केटात नाही. हो ची मिन्ह सिटीच्या बेन थान्ह बाजारात कपडे, पिशव्या आणि शोभेच्या वस्तूंचा पहिला आकडा परदेशी माणसासाठीच असतो. तिथे निम्म्यावरून सुरुवात करा आणि साठ-पासष्ट टक्क्यांवर तुटलं तर घ्या. आवाज चढवू नका. दादरच्या फुटपाथवर चालणारी चिडचिड तिथे व्यवहार संपवते. हसत निघून जाणं जास्त कामाचं.

एक गोष्ट मात्र मुंबईकराला सांगायला नको : भवानी. तिथेही दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक शकुनाचं मानतात. सकाळी दुकान उघडताच घासाघीस करून काही न घेता निघालात तर विक्रेता मनापासून नाराज होतो, कधी अपशकुन घालवायला कागद जाळतो. नुसतं बघायचं असेल तर दहानंतर जा. घ्यायचंच ठरलं असेल तर सकाळी लवकर जाऊन रास्त भाव बोला, भवानीसाठी तो पटकन सोडतो.

हनोईच्या जुन्या भागात गल्ल्यांची नावंच मालावरून आहेत : एक चांदीची, एक रेशमाची, एक पूजेच्या कागदाची. साखरेच्या गल्लीत ओ माय मिळतं, म्हणजे मीठ, साखर, आलं, मिरची लावून सुकवलेली आंबट फळं. चाखायला देतात, शंभर-शंभर ग्रॅम वेगवेगळं घ्या. १८८९ साली उभा राहिलेला दोंग सुआन बाजार घाऊक आहे, एक नग मागितला तर दुर्लक्ष होतं. शुक्रवार ते रविवार संध्याकाळी त्याच रस्त्यावर रात्रबाजार भरतो. माल सुमार, खाणं बरं.

मेकाँगच्या खोऱ्यातला 'काय रांग' हा तरता बाजार बघायचा तर कान थो शहरात मुक्काम हवा. तो घाऊक बाजार आहे, पहाटे पाच ते सात हीच वेळ. होडीवरच्या बांबूला जे टांगलेलं असतं, तेच विकायला असतं. सायगॉनहून, म्हणजे हो ची मिन्ह सिटीहून, सकाळी निघणाऱ्या एकदिवसीय सहलीत हा बाजार मिळत नाही, नाव काहीही असो. रस्ते सुधारल्यामुळे होड्याही पूर्वीइतक्या उरलेल्या नाहीत.

प्रश्न : होई आनला चोवीस तासांत सूट शिवून मिळतो म्हणे. साडीचे ब्लाउजही शिवून घेऊ का? (वाचक, गिरगाव)

उत्तर : ब्लाउज गिरगावातच शिवा. कटोरी आणि बाहीचा आपला बेत तिथल्या शिंप्याच्या हातातला नाही. सूट, शर्ट, कोट, साधा ड्रेस उत्तम होतो, पण त्याला तीन रात्री द्या. पहिल्या दिवशी सकाळी माप आणि कापड, दुसऱ्या दिवशी पहिली फिटिंग, तिसऱ्या दिवशी दुसरी. चोवीस तासांतला सूट रात्रपाळीत घाईने शिवलेला असतो आणि खांद्याची चूक सुधारायला वेळच उरत नाही.

नीट बसणारा एक कपडा नमुन्याला न्या, चित्रापेक्षा तो उपयोगी. निवडलेल्या ठाणाचा फोटो काढा आणि पावतीवर कापड, अस्तर, बटणं लिहून घ्या. आगाऊ निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका. रेशीम म्हणून दाखवलेलं पुष्कळदा पॉलिएस्टर असतं. एक धागा मागून जाळा : रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, पॉलिएस्टरचा कडक मणी होतो. जाळू न देणाऱ्या दुकानातून बाहेर पडा. फिटिंगला हात वर करा, खाली बसा, आणि आत शिवणीला दोनेक सेंटिमीटर माया सोडली आहे का, ते उलटं करून बघा. माया असेल तर पुढे मुंबईतला शिंपीही दुरुस्त करू शकतो.

प्रश्न : होई आनजवळच्या 'मी सोन' इथली हिंदू मंदिरं पडकी आहेत असं ऐकलं. मुलांना घेऊन जाण्याइतकं काही आहे का? (वाचक, बोरिवली)

उत्तर : आहे, पण क्रम उलटा लावा. आधी दा नांग शहरातलं चाम शिल्पांचं (चाम म्हणजे मध्य व्हिएतनामातल्या जुन्या चंपा राज्याचे लोक) संग्रहालय, मग मी सोन. १९१९ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात मी सोनच्या देवळांतली चांगली शिल्पं आहेत, त्यात उभा गणपतीही. मुलांनी तो बघितला की रिकाम्या गाभाऱ्यांना अर्थ येतो.

चंपा राज्याच्या भद्रवर्मन राजाने चौथ्या शतकाच्या अखेरीस इथे भद्रेश्वर शिवाचं देऊळ उभारलं, आणि पुढची जवळजवळ नऊशे वर्षं बांधकाम चालू राहिलं. सत्तरच्या आसपास वास्तू होत्या. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बवर्षावात सर्वांत उंच मनोरा गेला. त्याच गटातल्या दुरुस्तीत २०२० साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या पथकाला एकाच दगडातलं अखंड शिवलिंग सापडलं. विटांचे सांधे बारकाईने बघा, चुना दिसतच नाही. झाडाच्या डिंकासारख्या द्रवाने जोडल्या असाव्यात, असा एक अंदाज आहे.

होई आनहून अंतर सुमारे ४० किलोमीटर, तासाभराचा रस्ता. सहाच्या सुमारास फाटकाशी पोहोचा, दहाला बसगाड्या येतात आणि दरीत वारा नसतो. टोपी, प्रत्येकी लिटरभर पाणी, आणि पायात चपलांऐवजी बूट.

प्रश्न : तिकडची कॉफी घरी तशी का लागत नाही? फिन, म्हणजे पेल्यावर ठेवायचा तिकडचा धातूचा फिल्टर, आणला आहे. (वाचक, माटुंगा)

उत्तर : बहुधा भुकटी बारीक आहे. फिल्टर कॉफीची चिकोरीवाली पूड फिनच्या भोकांत बसते आणि पाणी अडतं. माटुंग्यातच दळून घेता, तर रोबस्टा, गडद भाजलेली, चिकोरीशिवाय, रव्याएवढी जाडसर सांगा.

पेल्यात दोन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क. फिनमध्ये २० ते २५ ग्रॅम पूड, हलवून सपाट करा आणि वरची चकती नुसती ठेवा, दाबू नका. उकळी उतरल्यावर अर्ध्या मिनिटाने त्यातलं ३० मिलिलीटर पाणी घाला, पूड फुगू द्या, चाळीस सेकंदांनी आणखी ८० ते १००. चार ते पाच मिनिटांत थेंब थांबायला हवेत. मिनिटात संपलं तर पूड जाड किंवा कमी, दहा मिनिटं लागली तर बारीक किंवा चकती दाबलेली. तळापासून ढवळून पेलाभर बर्फावर ओता. पुढच्या वेळी आणायची झाली तर बाजारातल्या उघड्या गोणीतली नको, तिच्यात सोयाबीन-मक्याची भेसळ असू शकते. भाजल्याची तारीख छापलेलं पाकीट घ्या. उदमांजराची कॉफी म्हणून बाजारात स्वस्तात विकतात, ती सोडून द्या.

प्रश्न : रस्त्यावरचा बर्फ आणि हनोईची अंड्याची कॉफी, दोन्ही चालेल का? आईचं वय ७४. (वाचक, परळ)

उत्तर : मधे भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यातला असतो, तो सहसा चालतो. लादी फोडून केलेला चुरा नको. दात घासायलाही नळाचं नको, बाटलीतलंच पाणी बरं. अंड्याच्या कॉफीत बलक कंडेन्स्ड मिल्कबरोबर फेटून गरम कॉफीवर घालतात, तो पूर्ण शिजत नाही. दूध मिळेना म्हणून १९४६ साली हनोईच्या एका हॉटेलातल्या कारागिराने ती शोधली. तुम्ही प्या. आईंना नारळाच्या दुधाची कॉफी द्या, पण तिथली कॉफी कडक रोबस्टाची, झोप उडवणारी. दुपारी चारनंतर नको.